मिलिमीटरच्या लेथवर इंचाचे आटे कसे पाडायचे?

मोबाईलच्या ट्रायपॉडचा स्क्रू हरवला की आपण हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीचा बोल्ट आणतो. तो आत जातो, पण खुळखुळतो, घट्ट काही बसत नाही. कारण ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो, एका इंचात २० आटे. म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते १.२७ मिमी. साध्या ६ मिमी बोल्टची पिच १ मिमी. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकमेकांशी अजिबात पटत नाही.

हाच घोळ जुलैमध्ये आमच्या घरी झाला, जरा मोठ्या मापात. काकांची होडी पावसाळ्यासाठी दाभोळला किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. पंख्याचा शाफ्ट होडीच्या बुडातून बाहेर जातो तिथे पाणी अडवायला ग्लँड असते. तिच्या दोन स्टडपैकी एक तुटला होता. दुकानातून आणलेला १२ मिमीचा स्टड दोन आटे आत गेला आणि अडकला. काका म्हणाले, "पान्याने जोर लावू काय?" मी म्हटलं, "थांबा काका, भोक फुकट जाईल." ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, १ ऑगस्टला होडी पाण्यात हवी. पुण्याचं ऑफिस मी घरूनच करत होतो, आणि पडवीत माझा छोटा लेथ होता. (खाऱ्या हवेत त्याला रोज तेल पुसावं लागतं, नाहीतर चार दिवसांत तांबूस होतो.)

पिच गेज लावल्यावर कळलं की भोकात अर्धा इंची व्हिटवर्थ आटे आहेत, इंचाला १२. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये हे माप सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेलच असं नाही. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश, आजच्या मेट्रिक आट्याचा ६०.

आता तुम्ही म्हणाल, डाय आणून आटे मारायचे की! अर्धा इंची व्हिटवर्थची डाय मिळते. पण भोक जुनं, झिजलेलं. त्याला नेहमीपेक्षा किंचित जाड आटे हवे होते, आणि डाय ठरलेल्या मापाचेच आटे पाडते. लेथवर मात्र खोली आपल्या हातात असते.

लेथ आटे पाडतो तरी कसा? चकमध्ये जॉब फिरतो. लेथच्या पुढच्या बाजूला एक लांब स्क्रू असतो, लीडस्क्रू. तो फिरला की टूल बसवलेलं कॅरेज सरकतं. जॉब आणि लीडस्क्रू गिअरने जोडलेले असतात, म्हणून दोघे कायम सिंकमध्ये. जॉबच्या एका फेऱ्यात टूल जेवढं सरकेल तेवढी पिच. हेन्री मॉडस्लेने साधारण १८०० साली अशा लेथला पक्कं रूप दिलं, आणि माझ्या पडवीतलं यंत्र आतून तेच आहे.

माझ्या लीडस्क्रूची पिच १.५ मिमी. स्टडच्या दुसऱ्या टोकाला नेहमीचा १२ मिमी नट लावायचा होता, त्याची पिच १.७५. भागाकार केला: १.७५ भागिले १.५ म्हणजे ७/६. जॉबकडे ३५ दातांचा गिअर, लीडस्क्रूकडे ३० दातांचा, मधे फक्त जोडणारा एक गिअर. झालं काम.

इंचाच्या टोकाला गणित बिघडतं. २५.४ भागिले १२, म्हणजे पिच २.११६७ मिमी. त्याला १.५ ने भागलं की १२७/९०. १२७ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे हे प्रमाण नेमकं हवं तर १२७ दातांचा गिअर लागतो. तो माझ्या लेथच्या झाकणात मावणारच नाही. मग सवयीप्रमाणे पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या आणि सगळ्या जोड्या तपासल्या. माझ्याकडच्या गिअरमध्ये मनासारखी जोडी निघाली नाही, पण ६३ दातांचा एक मिळाला तर ५० ने ६३ ला फिरवायचं आणि त्याच शाफ्टवरच्या ८० ने ४५ ला. प्रमाण १.४१०९, हवं होतं १.४१११. एका इंचाच्या लांबीत फरक फक्त ३ मायक्रॉन. ६३ चा गिअर पुण्यातल्या मित्राने थ्रीडी प्रिंट करून कुरिअर केला. प्लॅस्टिकचा आहे, पण एवढ्या कामाला टिकतो.

पहिला तुकडा तरीही वाया गेला, आणि चूक माझीच. लीडस्क्रूला कॅरेज धरून ठेवणारा जो चिमटा असतो, त्याला हाफनट म्हणतात. मेट्रिक आट्यांना एक कट झाल्यावर तो उघडून कॅरेज हाताने मागे आणता येतं, पण पुन्हा योग्य क्षणीच बंद करावा लागतो, आणि तो क्षण डायल दाखवते. मेट्रिक लीडस्क्रूवर इंचाचे आटे पाडताना त्या डायलवर भरवसा ठेवता येत नाही. मी सवयीने हाफनट उघडला, आणि दुसरा कट पहिल्या आट्याच्या मधोमध गेला. म्हणून इथे नियम एकच: काम संपेपर्यंत हाफनट उघडायचा नाही. कट संपला की मोटर बंद, टूल मागे घ्यायचं, मग मोटर उलटी फिरवून परत यायचं. टूल मागे घेतलं नाही तर गिअरमधल्या ढिलाईमुळे ते परतताना आटे खरवडतं.

टूल ५५ अंशात घासलं, टोक जरासं गोल. गनमेटलची सळई मऊ, म्हणून टूल सरळच आत घातलं. आधी ०.२ मिमी, शेवटी ०.०५. आटे संपतात तिथे आधीच एक खाच पाडून ठेवली, आणि तिथवर पोचताना मोटर बंद करून चक हाताने फिरवला. छोट्या लेथवर ही लाज वाटायची गोष्ट नाही. हातमोजे मात्र घालू नका, आणि एका हातात मोबाईल धरून रील काढू नका. फिरता चक बाही ओढायला क्षणही लावत नाही.

पुस्तकी खोली १.३५ मिमी. जॉब एकदा चकमधून काढला की पुन्हा तोच आटा पकडणं कटकटीचं असतं, म्हणून स्टड करण्याआधी तीन छोटे नमुने केले: १.३५, १.३० आणि १.२५ खोलीचे. तिन्ही खिशात टाकून पावसात किनाऱ्यावर गेलो. पहिला हलत होता. तिसरा अर्ध्यातच थांबला. मधला बोटांनी शेवटपर्यंत गेला, पण थोडा आवळूनच. त्याच मापाचा स्टड केला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होडी खाडीत उतरली. इंजिन सुरू करून काका ग्लँडपाशी वाकले. अशा ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थोडं पाणी झिरपायलाच हवं, त्यानेच ती थंड राहते. थेंब मोजले, नट पाव फेरा आवळला, पुन्हा मोजले. मग म्हणाले, "दुसरा स्टडपण जुनाच हाय. तोही करून ठेव."