कोल्हापूरचा अनिकेत आणि पुण्याची मोडलेली शिडी

६ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अकरा भारतीय मुलं अमेरिकेविरुद्ध खेळायला उतरली. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. स्पर्धा सतरा वर्षांखालील मुलांची होती आणि यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला होता. तरी 'जन गण मन' सुरू झालं तेव्हा स्टेडियममधल्या हजारो लोकांच्या अंगावर काटा आला. एकवीस जणांच्या त्या संघात एकट्या मणिपूरचे आठ खेळाडू होते. मराठी नावं दोन होती. एक अमेरिकेत वाढलेला बचावपटू नमित देशपांडे आणि दुसरा कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव. त्या पहिल्या सामन्यात भारताच्या आघाडीवर अनिकेत होता.

भारत तो सामना ०-३ असा हरला. पुढे कोलंबियाशी १-२ आणि घानाशी ०-४. गुणतक्त्यात काहीच हाती लागलं नाही. पण कोल्हापूरच्या पेठेतला मुलगा विश्वचषकात खेळतो, हे महाराष्ट्रानं प्रथमच पाहिलं होतं. तो तिथवर पोचला कसा, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण त्या वाटेचा निम्मा भाग आपल्या पुणे जिल्ह्यातून जातो.

अनिकेतचा जन्म १३ जुलै २००० चा, कोल्हापूरचा. महाराष्ट्रात फुटबॉल खेळणारी गावं आणखीही आहेत. मुंबईत हा खेळ चर्चच्या आवारांत आणि कंपन्यांच्या संघांत वाढला, पुण्यात लष्कराच्या छावणीभोवती रुजला. पण फुटबॉल ज्याच्या अंगात भिनला आहे असं मराठी शहर एकच, ते म्हणजे कोल्हापूर. इथं क्लबांची नावंच बघा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. ज्या तालमींत लाल मातीची कुस्ती घुमली त्याच तालमींनी फुटबॉलही आपला मानला. छत्रपती घराण्याचा आश्रय जसा मल्लांना होता तसाच या खेळालाही मिळाला. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, आजही शाहू स्टेडियमवर लीग भरवते आणि पेठाच्या पेठा ती बघायला लोटतात.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारसारख्या संघांचा सामना ज्यानं पाहिला असेल त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. सामन्याच्या किती तरी आधी गॅलरी भरते. आजोबा, बाप आणि नातू एकाच बाकावर बसतात आणि तिघंही एकाच पेठेच्या रंगात असतात. फॉरवर्डनं चेंडू घेऊन विंगेवरून मुसंडी मारली की अख्खी बाजू उभी राहते. गोलीनं झेप घेऊन चेंडू अडवला तर त्याचं नाव रात्री कट्ट्यावर निघतं. विश्वचषकाच्या दिवसांत गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, चौकात मेस्सी-नेमारचे मोठाले कटआउट उभे राहतात. या ईर्ष्येला काळी बाजूही आहे. समर्थकांची हाणामारी, दगडफेक, पोलीस बंदोबस्त यांमुळे या लीगला अनेकदा गालबोट लागलं आहे, आणि ज्यांना हा खेळ प्यारा आहे त्यांनी ते लपवू नये. पण सात-आठ वर्षांच्या पोराला रोज संध्याकाळी खेळायला मैदान, खेळणारे मोठे दादा आणि बघणारी माणसं मिळतात, ती याच पेठेमुळे. अनिकेतला तेच मिळालं.

इथं एका डच मुलाची आठवण काढतो, कारण त्याची गोष्ट याच्याशी फार जुळते. योहान क्रायफ २५ एप्रिल १९४७ ला ॲमस्टरडॅममध्ये जन्मला. वस्ती कामगारांची, नाव बेटोनडॉर्प. वडिलांचं फळं-भाजीचं दुकान. आणि आयॅक्स या क्लबचं त्या वेळचं मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर. पोरगं दिवसभर गल्लीत खेळायचं आणि उरलेला वेळ मैदान राखणाऱ्या माणसाच्या मागे मागे फिरायचं. क्लबचे युवा प्रशिक्षक यानी फान डर फेन यांनी त्याचा खेळ रस्त्यावरच हेरला होता, त्यामुळे दहाव्या वर्षी त्याला आयॅक्समध्ये चाचणी न घेताच प्रवेश मिळाला. १९५९ मध्ये वडील हृदयविकारानं गेले. आईनं आयॅक्समध्येच साफसफाईचं काम धरलं. १५ नोव्हेंबर १९६४ ला, सतराव्या वर्षी, योहान पहिल्या संघातून खेळला. पुढं १९७१, ७२ आणि ७३ असे सलग तीन युरोपियन चषक आयॅक्सनं जिंकले, तीन वेळा बॅलन डी'ऑर क्रायफला मिळाला आणि १९७४ च्या विश्वचषकात नेदरलँड्स अंतिम फेरीत पोचलं. म्युनिकमध्ये पश्चिम जर्मनीनं त्यांना २-१ नं हरवलं, तरी त्या स्पर्धेबद्दल बोलताना लोक आजही आधी डच संघाचं नाव घेतात.

नेदरलँड्सची लोकसंख्या साधारण एक कोटी ऐंशी लाख. आपल्या एका पुणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती. म्हणजे दोन पुणे जिल्हे एकत्र केले तर जेवढी माणसं होतील तेवढ्यांचा तो देश. तरी तिथून क्रायफ, गुलिट, फान बास्टेन, बर्गकँप, रॉबेन अशी रांग लागते. डच मुलांच्या पायांत जन्मजात काही वेगळं असतं असं मला वाटत नाही. तिथं गावोगाव क्लब आहे, क्लबला हिरवळीचं मैदान आहे आणि सहा वर्षांच्या मुलांनाही मोसमभर सामने मिळतात. गुणी मूल नजरेतून सुटणार तरी कसं?

आपल्याकडे अशी गावोगावची व्यवस्था नाही. म्हणून अनिकेतला घर सोडावं लागलं. शाळकरी वयातच तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, आणि राज्य सरकारची ही निवासी योजना तिथं चालते. राहणं, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण हा सगळा भार सरकार उचलतं. रिक्षाच्या कमाईवर चालणाऱ्या घराला हे किती मोठं असतं, ते फुटबॉलच्या एका बुटाच्या जोडाची किंमत विचारून बघितली की कळेल.

प्रबोधिनीत घेताना मुलांच्या शारीरिक चाचण्या होतात. उंची आणि वजन मोजतात. तीस मीटर पळायला लावतात, मग दहा मीटरच्या अंतरात शटल रन, मग आठशे मीटर. जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, पुढं वाकून लवचिकता, आणि मेडिसिन बॉलची फेक. गावाकडच्या काटक पोरांना या चाचण्या मानवतात, आणि हजारो मुलांतून थोडी निवडायची तर काहीतरी मोजमाप लागतंच. तरी माझं मत असं आहे की फुटबॉलसाठी एवढं पुरत नाही. क्रायफ लहानपणी अंगानं अगदी किरकोळ होता. मेडिसिन बॉलची फेक त्याला फार लांब जमली नसती. त्याचं बळ नजरेत होतं. मोकळी जागा कुठं तयार होते आहे, हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं. हे टेपनं किंवा स्टॉपवॉचनं मोजता येत नाही, त्यासाठी मुलाला चेंडू देऊन खेळताना बघावं लागतं. अनिकेतकडे वेग होता आणि खेळही होता, म्हणून तो या चाळणीतून पुढे गेला. नुसता खेळ असलेली किती मुलं याच चाळणीत मागे राहिली असतील!

पुढची पायरीही पुण्यातच होती. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी हा क्लब त्या काळी भारतातल्या चांगल्या व्यावसायिक क्लबांपैकी एक होता. २००९-१० च्या राष्ट्रीय आय-लीगमध्ये तिसरा, २०१२-१३ मध्ये दुसरा. त्याहून मोलाची होती त्याची युवा अकादमी. प्रबोधिनीतून अनिकेत तिथं गेला, वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत दिसू लागला आणि विश्वचषकासाठी तयार होत असलेल्या भारतीय कुमार संघात आला. त्या संघाला आधी जर्मनीचे निकोलाय ॲडम आणि नंतर पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दे मातोस यांनी घडवलं.

विश्वचषकानंतर भारतीय फुटबॉल महासंघानं ही मुलं विखरू दिली नाहीत. 'इंडियन ॲरोज' या नावानं हाच संघ थेट आय-लीगमध्ये उतरवला. समोर पगारी, कसलेले, परदेशी खेळाडू असलेले क्लब आणि इकडं सतरा-अठरा वर्षांची पोरं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ॲरोजनं पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला ३-० नं हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघानं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं. अर्जेंटिनाच्या बाकावर लिओनेल स्कालोनी होते. तेच पुढं २०२२ चा विश्वचषक जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक. या सामन्यात अनिकेतला उत्तरार्धात लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना दहा जणांनी लढून जिंकला. अठराव्या वर्षी आपल्या संघाला अडचणीत टाकून बाहेर बसणं आणि साथीदारांनी तो सामना जिंकून देणं, यातून खेळाडू जे शिकतो ते सरावात शिकवता येत नाही.

याच टप्प्यावर त्याला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही काळ सराव करायची संधी मिळाली. ब्लॅकबर्न म्हणजे १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब, आणि २०१० पासून त्याची मालकी आपल्या पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाकडे, म्हणजे वेंकीजकडे आहे. जुन्नर-आंबेगावातल्या पोल्ट्रीवाल्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. पुढं अनिकेत जमशेदपूर एफसीकडून इंडियन सुपर लीग खेळला, तिथून हैदराबाद एफसीकडे गेला. लहानपणचा गोल मारणारा फॉरवर्ड आता बहुतेक वेळ विंगेवरून खेळू लागला. जानेवारी २०२२ मध्ये ईस्ट बंगालविरुद्धच्या ४-० विजयात साथीदार ओगबेचेच्या तीन गोलांसोबत एक गोल अनिकेतचा होता. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादनं केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपद पटकावलं आणि त्याच महिन्यात अनिकेत भारताच्या वरिष्ठ संघातून बहारीनविरुद्ध खेळला. नंतर ईस्ट बंगाल, मग ओडिशा.

आता जरा मागे वळून पुण्याकडे बघा. अनिकेत ज्याच्या अकादमीत घडला तो पुणे एफसी २०१५ मध्ये बंद पडला. बालेवाडीलाच घरचं मैदान मानणारा भारत एफसी एक मोसम खेळून संपला. डीएसके शिवाजीयन्स दोन मोसम आय-लीग खेळून बाहेर गेला. एफसी पुणे सिटी २०१४ पासून सुपर लीगमध्ये होता, २०१७-१८ ला उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याची लीगमधली जागा ज्या नव्या संघाला मिळाली तो संघ म्हणजे हैदराबाद एफसी. पुण्यानं गमावलेल्या जागेवर दुसऱ्या शहरानं तीन वर्षांत चषक जिंकला आणि त्या विजेत्या संघात पुण्यात घडलेला आपला मुलगा होता. बारा वर्षांत राष्ट्रीय पातळीवरचे चार क्लब या शहरानं पाहिले आणि चारही घालवले. याचं मला मनापासून वाईट वाटतं. अनिकेत चढला त्या शिडीची पहिली पायरी कोल्हापुरात शाबूत आहे, दुसरी बालेवाडीत आहे, तिसरी मोडली आहे. आजच्या बारा वर्षांच्या अनिकेतला प्रबोधिनीतून बाहेर पडल्यावर पुढच्या क्लबसाठी बहुधा परराज्याची वाट धरावी लागेल.

आमची वारूळवाडी पुणे-नाशिक महामार्गावर, नारायणगावला खेटून. इथून बालेवाडी मोटारीनं दोन-अडीच तासांवर, म्हणजे कोल्हापूरच्या मुलाला पडलं त्याच्या निम्मंही अंतर नाही. खेळाची हौस आमच्या भागाला कमी नाही. यात्रेत कुस्त्यांचे आखाडे भरतात, बैलगाडा घाटात धावला की गावं ओस पडतात, उन्हाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना मोठमोठी बक्षिसं लागतात. विश्वचषकाच्या वर्षी, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन' म्हणून एकाच दिवशी शाळाशाळांत फुटबॉल खेळवला, शाळांना चेंडूही वाटले. एका दिवसाचा तो उत्साह चांगला होता. पण फुटबॉल एका दिवसात रुजत नाही. त्याला दर आठवड्याला सामना लागतो आणि तो सामना बघायला येणारी माणसं लागतात. कोल्हापूरच्या तालमींनी तेवढंच केलं, पिढ्यान् पिढ्या.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या वाचकांकडे दोन गोष्टी मागतो. ज्यांच्या घरात आठ ते चौदा वर्षांचं चपळ मूल आहे त्यांनी शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची चौकशी करावी, आणि आपल्या शाळेचा संघ सुब्रतो चषकाच्या शालेय स्पर्धेत उतरवण्याचा आग्रह धरावा. या स्पर्धेत मुलींचाही गट आहे. आणि यात्रा कमिट्यांनी येत्या चैत्रात कुस्तीच्या आखाड्याच्या आदल्या दिवशी चौदा वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धा ठेवावी, बक्षीस छोटं असलं तरी चालेल, पण ती दरवर्षी ठेवावी.