आयईएलटीएस निबंधलेखन
आयईएलटीएस या इंग्रजी भाषाप्रावीण्य परीक्षेच्या लेखन विभागातील दुसरा प्रश्न निबंधाचा असतो. एकूण ६० मिनिटांपैकी सुमारे ४० मिनिटे त्यासाठी राखावीत, असे सुचवले जाते. निबंध किमान २५० शब्दांचा अपेक्षित असून त्याला पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट भार असतो. प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, सुसंगती व सुसूत्रता, शब्दसंपदा आणि व्याकरण हे चार निकष समान महत्त्वाचे असतात. त्यामुळे भाषा निर्दोष असूनही प्रश्नाचा एखादा भाग अनुत्तरित राहिल्यास गुण घटतात. पाठ केलेला निबंधही हानिकारक ठरतो. म्हणून लेखनापूर्वी आराखडा करणे हिताचे असते. प्रचलित मांडणीत प्रस्तावनेत भूमिका, मधल्या दोन परिच्छेदांत प्रत्येकी एक मुद्दा कारण-उदाहरणांसह आणि शेवटी भूमिकेशी सुसंगत निष्कर्ष येतो.