छातीच्या फोटोतली दुसरी शक्यता

छातीच्या फोटोत डाग दिसला की मिरजेत घरच्यांच्या मनात आधी टीबीच येतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभारलेलं हे गाव; शेजारची वानलेसवाडी तर क्षयाच्या सॅनेटोरियममुळेच ओळखली गेली. भीती मुरलेली आहे. म्हणूनच टीबीसारख्याच दिसणाऱ्या सार्कॉइडोसिस या आजाराविषयी इथे बोलायला हवं.

यात प्रतिकारशक्तीच्या पेशी एकवटून बारीक गाठी करतात, बहुतेकदा फुप्फुसांत आणि छातीतल्या लसिकाग्रंथींत. कारण अजून सापडलेलं नाही. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खोकला, धाप, थकवा, कधी ताप. लक्षणं टीबीचीच वाटतात. उपचार मात्र वेगळे. सार्कॉइडला गरज पडल्यास स्टिरॉइड देतात. टीबी ओळखायचा राहून नुसतं तेच दिलं, तर जंतूंना मोकळं रान मिळतं. उलट सार्कॉइडच्या रुग्णाला टीबीच्या गोळ्यांचा कोर्स नाहक सोसावा लागतो.

फुप्फुसांच्या मुळाशी दोन्हीकडच्या ग्रंथी सारख्याच वाढलेल्या दिसल्या, की सार्कॉइडची शंका येते. टीबीत ही वाढ सहसा एकाच बाजूला जास्त असते. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईने काढलेल्या सीटीत, सार्कॉइडचे दाणे श्वासनलिकांच्या कडेने आणि फुप्फुसाच्या पाळ्यांमधल्या पडद्यावर मण्यांसारखे ओवलेले दिसतात. टीबीच्या ग्रंथींचा गाभा बऱ्याचदा सडलेला असतो, कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडाच तेवढी उजळते. तरी दोन्ही आजार एकमेकांची सोंगं घेतात. त्यामुळे बहुतेकदा दुर्बिणीतून सुईने नमुना घेऊन तपासावाच लागतो, आणि नुसत्या फोटोवर औषध सुरू करण्याची घाई मला धोक्याची वाटते.

ब्रिटिश डॉक्टर स्कॅडिंग यांनी १९६१ साली एक्स-रेवरून केलेल्या वर्गवारीवर आधारलेले शून्य ते चार हे गट आजही चालतात. फक्त ग्रंथी वाढलेल्या पहिल्या गटातले बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. चौथ्यात फुप्फुसावर कायमचे व्रण असतात. पुढची देखरेख साधा एक्स-रे आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री यांवर बरीचशी भागते. दर खेपेला सीटीचा हट्ट नको, त्यात किरणांचा मारा कितीतरी जास्त. जुन्या फिल्म मात्र टाकू नका. गाठी वाढल्या की विरल्या, हे शेजारी जुना फोटो लावल्याशिवाय कळत नाही.

धडधड वाढली, चक्कर आली किंवा ईसीजी बिघडला, तर सार्कॉइड हृदयातही पोचला आहे का हे पाहायला हृदयाचा एमआरआय किंवा पेट स्कॅन लागतो. पेटमध्ये टोचलेली किरणोत्सारी साखर सुजेच्या जागी साठते. पण निरोगी हृदयही साखर ओढतं; म्हणून आधी भात, भाकरी, गोड सगळं बंद ठेवून नंतर उपाशी राहायला सांगतात. सकाळचा एक गोड चहा तपासणी वाया घालवू शकतो.