कॉर्डलेस ड्रिल घेताय? आधी चार्जर नीट पाहा

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या आमच्या घरी पडद्यांचे रॉड बसवायचे होते. सेलमध्ये स्वस्तात मिळालेलं कॉर्डलेस ड्रिल कपाटातून बाहेर निघालं, पण त्याचा चार्जर काही सापडेना. घर बदलताना तो कोणत्या खोक्यात गेला, कोण जाणे. बाबांनी शक्कल लढवली. वॉटर प्युरिफायरचा जुना ॲडॉप्टर ड्रॉवरमध्ये पडून होता. त्याची गोल पिन बॅटरीच्या भोकात अगदी चपखल बसली.

"झालं काम!" असं म्हणत बाबा बटण दाबणार, तेवढ्यात आठवीतल्या माझ्या मुलीने ॲडॉप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. "आजोबा, थांबा! यावर २४ व्होल्ट लिहिलंय. बॅटरीवर तर २१ आहे."

तीन व्होल्टने काय होतंय, असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं. नंतर चार ठिकाणी विचारलं, माहितीपत्रकं वाचली आणि अंगावर काटा आला. ड्रिल घेताना आपण त्याची ताकद पाहतो, सोबत किती बिट्स आहेत ते मोजतो, पेटी कशी आहे तेही पाहतो. चार्जरकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. खरं तर बॅटरी किती वर्षं टिकेल आणि घर सुरक्षित राहील की नाही, हे बऱ्याच अंशी त्या दुर्लक्षित डबीवरच ठरतं.

चार्जर नेमकं काय करतो?

१८ व्होल्टची बॅटरी उघडली (घरी उघडू नका!) तर आत बोटाएवढे लिथियम-आयन सेल दिसतात. अनेक बॅटऱ्यांमधला सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचे झाले १८. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणून पाचांचे झाले २१.

म्हणजे '१८ व्होल्ट', '२० व्होल्ट मॅक्स' आणि '२१ व्होल्ट' ही बहुतेक वेळा एकाच पाच सेलच्या बॅटरीची तीन नावं असतात. डिवॉल्टच्या '२० व्होल्ट मॅक्स'मागेही हेच गणित आहे. स्वस्त ड्रिलच्या बॅटरीवर '४८ व्हीएफ' किंवा '८८ व्हीएफ' असं छापलेलं दिसलं, तर त्या आकड्याला भुलू नका. त्यांच्याही आत बहुधा हेच पाच सेल असतात. चार्जरवरचा आउटपुट व्होल्टेज पाहिला की खरं काय ते कळतं.

चांगला चार्जर बॅटरी कशी भरतो? आपण नळाखाली हंडा भरतो तशी. आधी नळ पूर्ण सोडायचा, काठापाशी पाणी आलं की धार बारीक करायची आणि हंडा भरला की बंद. लिथियम बॅटरीत ही शेवटची पायरी फार महत्त्वाची आहे, कारण ४.२ व्होल्टच्या वर सेल भरत राहिला तर तो आतून खराब होतो, तापतो आणि पेटूही शकतो. आमच्या २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरचा भागाकार करून पाहा. पाच सेलमध्ये प्रत्येकी ४.८ व्होल्ट! मध्ये उभं राहिलं असतं ते फक्त बॅटरीतलं छोटंसं संरक्षक सर्किट. स्वस्त बॅटरीत ते किती भरवशाचं असेल, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

जुनी सवय सोडा

"बॅटरी पूर्ण उतरली की मगच चार्ज करावी," असं घरातली मोठी माणसं सांगतात. त्यांचं चूक नाही, पण तो नियम जुन्या बॅटरीचा आहे. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं ते निकेल-कॅडमियम बॅटरीवर. पुढची कित्येक वर्षं त्याच बॅटऱ्यांचं राज्य होतं आणि अर्धवट चार्ज करत राहिल्यास त्यांची क्षमता घटल्यासारखी व्हायची. २००५ च्या सुमारास मकिता आणि मिलवॉकी यांनी लिथियम-आयन बॅटरीची साधनं बाजारात आणली आणि चित्र पालटलं. या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लिथियमला पूर्ण रिकामं होणं मानवत नाही. ड्रिल मंदावलं की थांबा आणि चार्जिंगला लावा. मधेच थोडंसं चार्ज केलं तरी काही बिघडत नाही.

बाजारात कोणकोणते चार्जर मिळतात?

गोल पिनचा ॲडॉप्टर: स्वस्त सेटमध्ये हाच येतो. लाल दिवा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे झालं. विद्युतप्रवाह कमी, त्यामुळे वेळ जास्त. याची मोठी उणीव अशी, की त्याचं बॅटरीशी काही 'बोलणं' होत नाही. बॅटरी किती तापली आहे, हे त्याला कळत नाही. शिवाय तशीच पिन घरातल्या इतर ॲडॉप्टरलाही असते, त्यामुळे अदलाबदल सहज होते.

साधा स्टँड चार्जर: बॅटरी यात सरकवून बसवतात. दोनपेक्षा जास्त धातूच्या पट्ट्या दिसतात, त्यांतल्या काही तापमान आणि बॅटरीची माहिती कळण्यासाठी असतात. बॉशच्या 'जीएएल १८व्ही-२०' चा प्रवाह २ ॲम्पिअर, 'जीएएल १८व्ही-४०' चा ४ ॲम्पिअर. नावातला शेवटचा आकडा दहाने भागला की प्रवाह कळतो. मकिताचा 'डीसी१८एसडी' ३ एएचची बॅटरी सुमारे ६० मिनिटांत आणि ५ एएचची सुमारे ११० मिनिटांत भरतो.

पंख्याचा जलद चार्जर: मकिताचा 'डीसी१८आरसी' हीच ३ एएचची बॅटरी सुमारे २२ मिनिटांत आणि ५ एएचची ४५ मिनिटांत भरतो. त्यासाठी तो बॅटरीत हवा खेळवून ती थंड ठेवतो. बॉशचा 'जीएएल १८व्ही-१६० सी' तर १६ ॲम्पिअरपर्यंत जातो. असे चार्जर महाग असतात, आवाज करतात आणि धुळीत ठेवले तर पंखा माती ओढतो.

दोन खणांचा चार्जर: यात एक फरक नीट विचारून घ्या. मकिताच्या 'डीसी१८आरडी'सारखे चार्जर दोन्ही बॅटऱ्या एकदम भरतात. काही मॉडेल मात्र एक झाल्यावर दुसरी घेतात. दिसायला दोन्ही सारखेच.

वेळेचा अंदाज घरीच काढता येतो. बॅटरीवरच्या एएचला चार्जरच्या ॲम्पिअरने भागा. ४ एएचची बॅटरी आणि २ ॲम्पिअरचा चार्जर म्हणजे दोन तास. शेवटी धार बारीक होते, म्हणून वर थोडा वेळ धरा. विजेच्या बिलाची चिंता मात्र नको. १८ व्होल्ट, ४ एएच म्हणजे ७२ वॉट-तास. चार्जिंगमधली गळती धरली तरी एका युनिटमध्ये अशी बॅटरी साधारण दहा वेळा भरेल.

मुरलीपुऱ्याचा मे महिना

आमच्या भागापासून सीकर रोड आणि विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र जवळ. त्यामुळे साधनं हाताळणारे मिस्त्री आसपास भरपूर. मे महिन्यात स्वयंपाकघराच्या कपाटांचं काम निघालं, तेव्हा आलेल्या मिस्त्रींकडे दोन बॅटऱ्या आणि एक पंख्याचा चार्जर होता. दुपारी बॅटरी चार्जरवर लावली, तर दिवा नुसता लुकलुकत राहिला. "चार्जर बिघडला वाटतं," मी म्हटलं. ते हसले. "नहीं भाभीजी, बैटरी गरम है. ठंडी होगी तो खुद चालू हो जाएगा." त्यांनी बॅटरी काढून कूलरसमोर नाही, तर आतल्या खोलीत फरशीवर सावलीत ठेवली. "कूलर की हवा में पानी है," हे त्यांनी वर ऐकवलं. थोड्या वेळाने चार्जिंग मुकाट्याने सुरू झालं.

बहुतेक कंपन्या आसपासचं तापमान ४० अंशांच्या आत असतानाच चार्जिंग करायला सांगतात. जयपूर असो, नागपूर असो की जळगाव, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. वरून ड्रिल चालवल्यामुळे बॅटरी स्वतःही तापलेली असते. जो चार्जर अशा वेळी थांबतो, तो बिघडलेला नसतो, आपलं काम चोख करत असतो. गोल पिनचा ॲडॉप्टर मात्र तशीच तापलेली बॅटरी भरत राहतो. आपल्या हवेत चार्जरची तुलना करताना वेगाआधी ही गोष्ट पाहायला हवी.

तुम्हाला कोणता चार्जर हवा?

वर्षातून चार वेळा फोटो टांगायचे, कडी घट्ट करायची, मुलांचा पलंग जोडायचा, एवढंच काम असेल तर साधा स्टँड चार्जर पुरेसा आहे. चार्जिंगला दोन तास लागले तरी घरात कोणाचं अडत नाही. कमी प्रवाहात बॅटरी कमी तापते, हा फायदा वेगळाच.

ज्यांचा रोजगार ड्रिलवर आहे, त्यांनी जलद चार्जर जरूर घ्यावा. एक बॅटरी संपेपर्यंत दुसरी भरून तयार, असं चक्र बसलं की दिवसभर काम थांबत नाही.

गोल पिनचा सेट आधीच घरात असेल, तर तो फेकून द्यायची गरज नाही. त्याचा स्वतःचाच चार्जर वापरा, बॅटरी थंड झाल्यावरच लावा आणि चार्जिंग होईपर्यंत तिथे लक्ष ठेवा.

विकत घेताना हे तपासा

• इनपुट: आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे. अमेरिकेतून भाऊ किंवा मुलगा ड्रिलचा सेट आणणार असेल, तर चार्जर फक्त १२० व्होल्टचा नाही ना, हे आधी विचारा. असा चार्जर इथे नुसती पिन बदलून लावला तर जळतो. बॅटरी तीच ठेवून चार्जर भारतात घेणं बरं. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात.

• आउटपुट: व्होल्टेज बॅटरीला जुळतो का आणि प्रवाह किती ॲम्पिअर?

• घराणं: एकाच कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकींना चालतातच असं नाही. बॉशची निळी व्यावसायिक आणि हिरवी घरगुती १८ व्होल्ट साधनं वेगवेगळ्या बॅटऱ्यांवर चालतात. १२ व्होल्टचा चार्जर १८ ला चालेल, असंही धरून चालू नका.

• खूण: लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना भारतात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॅटरीवर शोधा.

• सुटा चार्जर: हरवला किंवा बिघडला तर तोच चार्जर वेगळा मिळतो का? मिळत नसेल, तर पुढे आमच्यासारखीच शोधाशोध करावी लागेल.

घरात पाळायचे नियम

चार्जिंग ओट्यावर किंवा फरशीवर करा, गादीवर किंवा सोफ्यावर नको. रात्री लावून झोपू नका. बाहेर पडायच्या दारापाशी चार्जर ठेवू नका, कारण आग लागलीच तर तीच वाट लागणार आहे. स्वस्त स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर चार्जर लावणं टाळा. काम महिनोन्‌महिने नसेल, तर बॅटरी साधारण अर्धी भरून थंड जागी ठेवा.

फुगलेली, पडून तडकलेली किंवा गोडसर, उग्र वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. चार्जर जी बॅटरी नाकारतो, तिला दुसऱ्या बॅटरीची वायर लावून 'जिवंत' करण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. तो प्रयोग करू नका. पूर्ण उतरून पडलेल्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याची भीती असते. अशी बॅटरी कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. सेवाकेंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. धूर दिसलाच, तर शक्य असल्यास मेन स्विच बंद करा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

आमचा हरवलेला चार्जर पुढे संक्रांतीच्या साफसफाईत सापडला, पतंगाच्या चक्रीखाली. आता बाबांनी घरातल्या प्रत्येक ॲडॉप्टरला पांढरी पट्टी चिकटवून मार्करने नाव लिहिलंय: 'ड्रिल, २१ व्होल्ट', 'पाण्याचं मशीन, २४ व्होल्ट', 'वायफाय, १२ व्होल्ट'. काम दहा मिनिटांचं होतं. येत्या रविवारी तुमच्या घरचाही तो ड्रॉवर एकदा उघडून पाहा. बारीक अक्षरं वाचायला नातवंडं मदत करतील.