पाच व्होल्टच्या सवयीतून बाहेर पडताना

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० मालिकेने १९६०च्या दशकात पाच व्होल्टचा पायंडा पाडला आणि पुढे कितीतरी वर्षं पिनेला पिन जोडताना विचार करायची वेळच आली नाही. मग ट्रान्झिस्टर लहान झाले, गेटखालचा ऑक्साइडचा थर पातळ झाला, त्याला पाच व्होल्ट सोसेनात. नव्वदच्या दशकात ३.३ व्होल्ट रुळले. जुने पाच व्होल्टवाले भाग मात्र होते तिथेच राहिले.

पाच आणि ३.३ व्होल्टच्या भागांना जोडण्याचं या काळातलं सर्वांत देखणं काम मला १९९७चं वाटतं. फिलिप्सने आय-टू-सी बससाठी दाखवलेल्या जोडणीत दर तारेला एक एन-चॅनेल मॉस्फेट आणि दोन पुल-अप रेझिस्टर, बस्स. गेट ३.३ला, सोर्स कमी व्होल्टच्या बाजूला, ड्रेन पाचच्या बाजूला. ३.३वाल्याने तार शून्यावर ओढली की मॉस्फेट सुरू होतो आणि पलीकडची तारही खाली येते. पाचवाल्याने ओढली तर आधी मॉस्फेटच्या अंगातला डायोड वाहतो, सोर्स खाली आणतो, मग मॉस्फेट सुरू होतो. दोघांनी सोडलं की प्रत्येक तार आपापल्या पुल-अपवर वर जाते. दिशा सांगायला वेगळी तार लागत नाही! दुकानातल्या चार चॅनेलच्या पट्टीवर बीएसएस१३८ दिसतो, तो हेच करतो. वेगवान एसपीआयला मात्र ही जोडणी पुरत नाही, कारण पुल-अप तार सावकाश वर नेतो.

२०१२मध्ये रास्पबेरी पाय आला, २०१४मध्ये ईएसपी८२६६, दोन्ही ३.३ व्होल्टचे, आणि पाच-३.३ जोडण्याचा प्रश्न घरोघरच्या टेबलावर पोचला. एचसी-एसआर०४ सेन्सरची एको पिन पाच व्होल्ट देते. मध्ये एक किलोओहम आणि खाली दोन किलोओहम लावले की पिनेवर ३.३ येतात. दोन रुपयांचं काम, तरी ते टाळलं जातं, कारण थेट जोडूनही ‘चालतंय’. चालतं, कारण बऱ्याच चिपांत पिनेच्या आतला संरक्षक डायोड जादा करंट ३.३च्या लाइनवर ढकलत असतो. तो डायोड स्थिर विजेच्या क्षणिक झटक्यासाठी ठेवलेला असतो. त्याच्यावर रोजचा भार टाकणं मला अजिबात मान्य नाही.

२०२४च्या आरपी२३५० चिपमध्ये बहुतेक डिजिटल पिना पाच व्होल्ट सोसतात, पण चिपला स्वतःचे ३.३ मिळत असतील तरच. म्हणून बोर्ड बंद आणि सेन्सर चालू राहण्याची शक्यता असेल, तर ते दोन रेझिस्टर आजही लावावेत.