येळवशीचे रान

लातूर जिल्ह्यात वर्षातून एक दिवस असा येतो, की गावात शोधूनही माणूस सापडत नाही. घरांना कड्या-कुलपे. पार मोकळा. दुकाने बंद. लातूर शहरात जा, उदगीरला जा, तिथेही रस्त्यांवर शुकशुकाट. परका माणूस घाबरेल. गावावर काही संकट तर आले नाही ना, असे विचारील. संकट काही नाही. सारे लोक रानात गेले आहेत. आज येळवस आहे.

मार्गशीर्ष महिन्याच्या अमावस्येला वेळा अमावस्या म्हणतात. बोलताना आपण तिला येळवस म्हणतो. लातूर, धाराशिव आणि नांदेड-बीडचा काही भाग, अशा मुलखात हा सण मोठा. पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांना त्याचे नावही ठाऊक नसते. तो कर्नाटकातून आपल्याकडे आला, असे जाणती माणसे सांगतात. लातूरला या दिवशी जिल्हाधिकारी सुट्टी देतात.

सण कसा असतो ते तुम्हांला आम्ही काय सांगावे! आदल्या रात्री बायांच्या डोळ्याला डोळा नसतो. भज्जी शिजते, उंडे होतात, मडक्यात आंबील तयार होते. सकाळी ते सारे डोक्यावर घेऊन रानात जायचे. शेतात कडब्याची कोप उभी केलेली असते. तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. ते पांडव. त्यांची पूजा करायची, काळ्या आईला निवद दाखवायचा, आणि मग जेवायचे. ज्याला शेत नाही त्याला शेजारी आपल्या शेतात घेऊन जातो. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

आता आम्ही एक विचारतो. भज्जी घरीही शिजते. चुलीजवळ बसून गरम गरम खाता येते. पूजाही घरी करता येईल. मग एवढी भांडी डोक्यावर आणि लेकरे कडेवर घेऊन रानात कशाला जायचे?

आम्हांला वाटते, याचे उत्तर जेवणानंतर मिळते. बाया कोपीच्या सावलीत गप्पा मारीत बसतात. पोरे झाडाला झोका बांधून खेळतात. आणि घरचा म्हातारा उठून बांधाने हळूहळू चालू लागतो. त्याच्या हातात खुरपे नाही की दोरी नाही. तो नुसता बघत जातो. जवारी डोक्याएवढी झालेली असते. तुरीला शेंगा लागलेल्या, एखाद्या झाडावर अजून पिवळे फूल. कुठे बांधाकडेला जवसाची पट्टी असते. जवसाचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळतात. म्हणून म्हाताऱ्याला जेवणानंतर जमिनीवर निळा सडा दिसतो. फूल बघायचे तर सकाळीच यायला हवे होते, हे त्याला माहीत असते. तरी तो तिथे थांबतो.

हे शेत त्याने वर्षभर पाहिलेले असते. पण कसे? अळी पडली काय, तण किती माजले, भाव काय मिळेल, देणेकऱ्याला काय द्यायचे. त्या बघण्यात हिशेब असतो. तो हवाच. हिशेबावाचून शेती होत नाही. येळवशीला मात्र तो हिशेब घरी ठेवून येतो. म्हणून त्या दिवशी त्याला रान दिसते. आमच्या मते हा सण एवढी वर्षे टिकला तो यासाठी. भज्जी तर आहेच!

बाजारातून आणलेल्या वस्तूचाही आनंद होतो. नवा मोबाइल घेतला की माणूस चार दिवस तो फडक्याने पुसून ठेवतो. महिन्याभराने तो कुठेही पडलेला असतो. मृगाच्या पहिल्या पावसाचा वास घ्या. सत्तर वर्षांच्या बाईने तो किती वेळा घेतला असेल! तरी पहिली सर आली की ती हातातले काम टाकून दारात येते. तो वास पाण्याचा नसतो. मातीत डोळ्यांना न दिसणारे बारीक जंतू असतात. वासाचा पदार्थ ते तयार करतात. कोरड्या मातीवर थेंब आपटला की हवेचे बारीक बुडबुडे फुटतात आणि तो वास वर उडतो. हे समजले म्हणून वासाची गोडी कमी होत नाही. उलट पुढच्या मृगात तुम्ही जास्त लक्ष देऊन तो घ्याल.

कोणी म्हणेल, हे सारे भरल्या पोटाचे बोलणे आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. घागरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईला फुले दाखवून काय उपयोग? हा प्रश्न रास्त आहे. फुलांनी पोट भरत नाही आणि घागरही भरत नाही. पण तुकाराम महाराजांची गोष्ट बघा. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. दुकान बुडाले. मग हा माणूस कुठे जाऊन बसला? देहूजवळ भंडाऱ्याच्या डोंगरावर, झाडांत आणि पाखरांत. दुःख तिथे संपले असे नव्हे. ते सोसायला तिथे बळ आले.

संतांचे वेगळे, आपले वेगळे, असे म्हणू नका. अमेरिकेत रॉजर उलरिक नावाचा एक अभ्यासक होता. त्याने एका इस्पितळातील जुनी कागदपत्रे तपासली. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले ४६ रोगी त्याने निवडले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले. त्यांना दुखणे थांबवणारे जालीम औषधही कमी लागले. हा अभ्यास १९८४ साली छापून आला. पाऊण दिवस म्हणजे फार नाही. पण त्या झाडांनी काहीच केले नव्हते. ती नुसती उभी होती.

आपल्याकडची झाडे उभी आहेत काय? लातूर जिल्ह्यात जंगल शंभरात एक हिस्साही नाही. होती ती झाडे बांधावर होती, लिंब, बाभूळ, आंबा. बांध कोरून कोरून अरुंद झाले आणि झाडे गेली. झाडाच्या सावलीत पीक खुरटते हे खरे. एक-दोन तास कमी भरतात हेही खरे. पण येळवशीला लेकरांचा झोका कशाला बांधणार? लोखंडी खांबाला? आणि उन्हात भाकरी कुठे सोडणार? बांधावरचे एक झाड तोडायच्या आधी एवढा हिशेब मांडायला काय हरकत आहे?

नांदेडची माणसे या बाबतीत नशीबवान. किनवट-माहूरकडे अजून जंगल आहे. फाल्गुनात तिथे पळस फुलतो. पाने झडलेली आणि काळ्या फांद्यांवर नुसता तांबडा रंग. या फुलाला सांगण्यासारखा वास नाही. पण पाखरांना तांबडा रंग लांबून दिसतो. मैना, साळुंक्या रस प्यायला येतात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावून जातात. म्हणजे तो रंग पळसाने आपल्यासाठी धारण केलेला नाही. आपल्याला तो फुकट मिळतो. त्याच बाजूला इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकांवरून शेकडो धारांनी उडी घेते. ते सहस्रकुंड. त्या नावाचे स्टेशनही मुदखेड-आदिलाबाद रेल्वेवर आहे. उन्हाळ्यात तिथे नुसता खडक असतो. धबधबा बघायचा तर श्रावण-भादव्यात जावे, आणि निसरड्या खडकावर लेकरांचा हात सोडू नये. पळस बघायला मात्र कुठे उतरावेही लागत नाही. फाल्गुनात किनवटच्या गाडीत बसाल तेव्हा खिडकीकडची जागा धरा.