घरचा संगणक, भाग ६ : ‘अपात्र’ म्हणजे भंगार नव्हे

मागच्या भागात आपण सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवली. ते राहिले असेल, तर आजचा भाग नुसता वाचा. संगणकाला हात लावू नका. आज विंडोज १० वरून विंडोज ११ वर जायचे आहे.

२०१५ साली आलेल्या विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे कुणाचा संगणक बंद पडला नाही. पण सुरक्षेतली नवी भोके बुजवणारी अपडेट आपोआप मिळेनाशी झाली. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे हे परवडणारे नाही.

आधी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा. अनेकांना ‘अपात्र’ असा शेरा मिळतो आणि ते थेट नव्या संगणकाचे भाव काढू लागतात. त्याआधी शेऱ्याचे कारण वाचा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क या अटींत फारसे कुणी अडत नाही. अडते ते टीपीएम, सिक्युअर बूट आणि प्रोसेसर या तिघांपाशी, आणि त्यातल्या पहिल्या दोघांवर बहुधा घरच्या घरी उपाय असतो.

टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या डिस्कपासून वेगळ्या जपणारी तिजोरी. विंडोज ११ ला तिची २.० ही आवृत्ती लागते. बऱ्याच यंत्रांत ती असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली. इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’, एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ हे नाव शोधा आणि ती सुरू करा. मात्र त्याआधी डिस्कवर बिटलॉकर आहे का, ते पाहा. असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमधल्या बदलानंतर संगणक तीच मागू शकतो, आणि ती नसेल तर स्वतःचीच डिस्क उघडत नाही.

सिक्युअर बूटसाठी यंत्र ‘लेगसी’ऐवजी ‘यूईएफआय’ पद्धतीने सुरू व्हावे लागते. डिस्क जुन्या एमबीआर रचनेची असेल, तर विंडोजमधल्याच ‘एमबीआरटूजीपीटी’ने ती आधी बदला, मग बायोसला हात घाला. क्रम उलटा झाला, तर विंडोज सुरूच होणार नाही.

प्रोसेसरला मात्र इलाज नाही. इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. आय५-८४०० चालतो, आय५-७४०० चालत नाही. अट चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना घ्या. घरगुती ग्राहकांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. वापर ब्राउझर आणि पत्रलेखनापुरताच असेल, तर मोफत मिळणारे लिनक्स मिंटही चांगले.

पात्र ठरलात, तर सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मधूनच पुढे जा. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. नंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर लगेच पुसू नका. त्याच्या आधारे १० दिवसांत जुन्या विंडोजवर परतता येते. त्या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, बँकेची डिजिटल सही, सगळे एकदा चालवून पाहा.

पुढच्या भागात : जुन्या फॉन्टांतल्या मराठी फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या.